मामांची पुडी आणि आईची तारीख

पत्र असं आहे:

"ताई, मी डिचोलीची. आईचं वय ५७. डाव्या स्तनात गाठ लागली, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) सुई लावून तपासली. कॅन्सर निघाला, दुसरी स्टेज. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, अठरा दिवसांवर आहे. पण मामांनी घाटावरच्या एका वैदूकडून पुडी आणली. ४५ दिवस घ्यायची आणि तोवर 'गाठीला हत्यार लावायचं नाही', असं त्याने सांगितलंय. आई अकरा दिवस घेतेय. तिला भूक लागते, बरं वाटतं. म्हणते, गणपतीची चवथ होऊन जाऊ दे, मग बघू. घरात रोज कुणीतरी मोबाइलवर नवीन काही दाखवतं: साखर बंद, नुस्तं (मासळी) बंद, लक्ष्मणफळाचा रस, गरम लिंबूपाणी. काकूने आईचं ताट-पेला वेगळा केलाय. आई रात्री विचारते, 'मी असं काय गो खाल्लं?' यातलं खरं काय? मामांना दुखवता येत नाही. बाबा गेल्यावर आम्हाला त्यांनीच सांभाळलं. तेही हल्ली धड जेवत नाहीत, तिखट झोंबतं म्हणतात, पान-तंबाखू मात्र सुटत नाही. काय करू?"

बाय, तारखेचं मी तुला फोनवर सांगितलंच आहे. ती हलवायची नाही, पुडीसाठी नाही आणि चवथीसाठीही नाही. बाकीचं इथे लिहिते, कारण तुझ्या घरात चाललंय तेच मी म्हापशाच्या फार्मसीत काउंटरमागे उभी राहून ३१ वर्षं ऐकलं. मी डॉक्टर नाही. पण औषध म्हणजे काय, ते किती घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही, हा माझा रोजचा विषय होता.

कॅन्सर निघाला की घरोघरी एकच गोष्ट होते. हे औषध खरं की खोटं, यावर महिनाभर वाद चालतो आणि तो महिना कुणी मोजतच नाही. तू एवढंच कर: कुणी काही सुचवलं की विचार, "यासाठी आईच्या उपचारातला किती वेळ जाणार?" सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घेतलं तर एक मिनिट जातं. घेऊ दे. पुडी मात्र ४५ दिवस मागतेय, आणि त्या दिवसांत गाठ वाढायची थांबत नाही.

आता त्या पुडीकडे नीट बघ. कागदात बांधलेली आहे, वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, कुणी कधी बनवली ते नाही. तू लिहितेस की आईला भूक लागते, बरं वाटतं. मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याने लागली. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळल्याची प्रकरणं आपल्या देशात पुन्हापुन्हा उघडकीला आली आहेत. स्टेरॉईडने दोन-चार दिवसांत भूक उघडते, दुखणं कमी होतं, अंगात हुशारी येते. घरच्यांना वाटतं, गुण आला. गाठ आपल्या जागी तशीच असते. पुढे चेहरा गोल सुजतो, रक्तातली साखर चढते, जखमा लवकर भरत नाहीत. आईच्या पुडीत ते आहेच असं मी म्हणत नाही, तपासल्याशिवाय कुणालाच म्हणता येणार नाही. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. स्टेरॉईड काही आठवडे पोटात गेलं असेल तर ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. म्हणून पुडी फेकू नकोस. उरलेल्या सगळ्या पुड्या पिशवीत घाल, तारखेपर्यंत थांबू नकोस, उद्याच ओपीडीत जाऊन दाखव आणि अकरा दिवस घेतल्याचं सांग. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नकोस. रागावले तर रागावू देत.

माझ्या आतेबहिणीचं सांगते. तिची गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा सुपारीएवढी होती. तिच्या सासरच्यांनी असंच कुठूनसं औषध आणलं. मला कळलं तेव्हा दोन महिने झाले होते. मी तिच्या घरी गेले आणि दारातूनच सगळ्यांना बोलायला सुरुवात केली, अडाणी म्हटलं, तुम्ही तिला मारणार म्हटलं. त्यानंतर ती माझा फोन घेईना. आणखी दोन महिन्यांनी ती इस्पितळात गेली तेव्हा गाठ लिंबाएवढी होती, काखेत उतरली होती आणि कातडी फुटली होती. ती गेली. औषध देणाऱ्याचा मला अजून राग येतो, पण त्या दारात मी जे बोलले ते मला जास्त आठवतं. म्हणून मामांच्या बाबतीत तू घाई करू नकोस. त्यांच्याविषयी शेवटी लिहिते.

झाडपाल्यात काही नसतं असं कुणी म्हणालं तर तेही मला पटत नाही. तुझ्या अंगणात तुळशीजवळ सदाफुली असेलच. त्याच झाडापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची दोन औषधं मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्यात कॅम्पटोथेसिन असतं, त्यावरून टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार झाली. पण कॅम्पटोथेसिन जसंच्या तसं माणसांना देऊन पाहिलं तेव्हा १९७० च्या दशकातल्या त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जायला लागलं. झाड तेच, गुण तोच. तो माणसाला सोसेल असा करायला पुढे वीसेक वर्षं लागली. व्हिन्क्रिस्टिनचं एका वेळचं माप साधारणपणे दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही, ते शिरेतूनच द्यायचं असतं, आणि चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस दगावतो. ते एक ग्रॅम मिळवायला शेकड्यांनी किलो पाला लागतो. सकाळी चार सदाफुलीची पानं चावून औषधाचं माप कसं साधणार? चवथीला आपण गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला कडू कवंडळाचं फळ बांधतो, ताटात वाढत नाही. कुठली वनस्पती कुठे आणि किती, हे आपल्या आज्ज्यांना चांगलं ठाऊक होतं.

लक्ष्मणफळाचं तसंच. "केमोपेक्षा दहा हजार पट ताकदवान" हा मेसेज मी स्वतः शंभरदा पाहिला असेल. तो आकडा प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर केलेल्या एका प्रयोगातून आला. बशीतल्या पेशी फिनेल ओतलं तरी मरतात. माणसाच्या शरीरात लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा झाल्याचं दाखवणारी चाचणी झालेली नाही. उलट त्या फळात आणि पानांत अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूतल्या पेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर कंपवातासारखा आजार झालेल्या लोकांचा अभ्यास झाला तेव्हा ही फळं आणि त्यांच्या पाल्याचा काढा नेहमी घेण्याशी त्याचा संबंध आढळला. घरच्या झाडाचं पिकलेलं फळ एखाद्या दिवशी खाल्लं तर खाल्लं. पानांचा काढा रोज नको.

गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो, हा मेसेज मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावावर फिरत होता. ते असं काही बोललेच नव्हते, २०१९ साली इस्पितळाला खुलासा करावा लागला. लिंबू-सोड्यामुळे रक्त 'अल्कलाइन' होतं आणि कॅन्सर त्यात जगत नाही, हेही खोटं. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्यातच राहतो, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो सांभाळतात. लिंबूपाण्याने बदलला तर लघवीचा बदलतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा कॅन्सर कडुलिंब, हळद, लिंबूपाणी आणि उपासाने बरा झाल्याचं सांगितलं, तो व्हिडिओ तुमच्या घरीही पोचला असेल. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली होती, केमोही झाली होती. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून लोकांना सांगितलं की अशा गोष्टींवर विसंबून उपचार थांबवू नका. तुझ्या आईने कडुलिंबाची दोन पानं खाल्ली म्हणून त्या २६२ जणांतला एकही रागावणार नाही. त्यांना भीती आहे ती ऑपरेशन पुढे ढकलण्याची.

त्या भीतीला आकडा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली छापलेल्या अभ्यासात अंगभर न पसरलेला कॅन्सर असलेले २८१ लोक होते, ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त होता. सगळ्यात जास्त फरक इथेच का, ते उघड आहे. हा कॅन्सर वेळेवर उपचार केले तर चांगला आटोक्यात येतो, म्हणून उपचार टाळणाऱ्याचं नुकसानही सगळ्यात मोठं.

सुई लावली की कॅन्सर भडकतो, हत्यार लागलं की पसरतो. हे मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलं की ते कुठून येतं याचा विचार केला. पूर्वी लोक फार उशिरा यायचे. डॉक्टर उघडून बघायचे तर आत सगळीकडे पसरलेलं असायचं, रोगी महिन्या-दोन महिन्यांत जायचा, आणि गावात लोक म्हणायचे, चाकू लागला आणि गेला. स्तनाच्या गाठीत सुईच्या वाटेने पेशी बाहेर येऊन रोग वाढणं अगदी क्वचित घडतं, आणि पुढे ऑपरेशन, रेडिएशन होतंच. त्या सुईतून काय मिळतं ते आईला सांग. गाठीच्या पेशींवर हार्मोनचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत का, हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, हे कळतं आणि त्यावरून पुढचं औषध ठरतं. ग्राहक असले तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं, हर-टू असलं तर वेगळं इंजेक्शन. शेजारणीला दिलेली केमो आईला लागेलच असं नाही. आणि इथेच वैदूला एक साधा प्रश्न विचारता येतो: स्तनाच्या, यकृताच्या आणि रक्ताच्या कॅन्सरला तुमची पुडी एकच कशी?

खाण्याबद्दल. साखर कॅन्सरला 'पोसते' म्हणून आईचा भात, फळं, दूध सगळं बंद झालंय. शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवर चालते, मेंदू तर सगळ्यात आधी. तुम्ही दिली नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती तयार करतं, म्हणजे आई झिजते आणि गाठीला तिचं मिळतंच. मधुमेह नसेल तर चहात साखर चालेल. गोडाचा मारा कुणालाच चांगला नाही, तेवढंच. ऑपरेशनची जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा बांगड्याचं हुमण, अंडी, मुगागाठी, नाचण्याचं सत्त्व, पेज, जे तिला आवडेल ते दे. केमो लागली तर त्या काळात सगळं नीट शिजवलेलं हवं, आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रात्रीच इस्पितळात. हुमणातली हळद बिनधोक आहे. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांच्या रक्तात त्यामुळे औषधाचं प्रमाण घटल्याचं नेदरलँड्समधल्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं आहे. गुळवेलही नको. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी छापल्या आहेत, आणि आईच्या यकृताला पुढे पुष्कळ काम आहे.

नुस्तं बंद करण्यामागे मासळी टिकवायला घालतात त्या फॉर्मेलिनची भीती असणार. जुलै २०१८ मध्ये आपल्या गोव्यात केवढा गोंधळ उडाला होता, सरकारने परराज्यातल्या मासळीवर पंधरा दिवस बंदी घातली होती, ते मलाही आठवतं. मासळीत फॉर्मेलिन घालणं गुन्हाच आहे आणि त्यावर ओरडायलाच हवं. पण फॉर्मेलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडमुळे कॅन्सर होतो याचा पुरावा वर्षानुवर्षं त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांमध्ये मिळाला आहे, नाक-घशाच्या आणि रक्ताच्या कॅन्सरचा. आईच्या गाठीशी तिच्या बांगड्याचा काही संबंध नाही. मोबाइलने कॅन्सर होतो म्हणतात, त्याचंही तसंच. २०११ मध्ये त्याच्या लहरी 'कदाचित कॅन्सर करत असतील' या यादीत घातल्या गेल्या, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

"मी असं काय गो खाल्लं?" या प्रश्नापाशी मी खूप वेळ थांबले. आपल्याकडे आजार झाला की बाईला आधी हिशेब द्यावा लागतो. काय खाल्लं, कुणाचा शाप घेतला, कुठला नवस राहिला, नवरा गेल्यावर इतकी का झुरली. आईला सांग की तिने काही केलेलं नाही. स्तनाच्या कॅन्सरची सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे बाई असणं आणि वय वाढणं. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, यांनी धोका थोडा थोडा वाढतो. शंभरातल्या पाच ते दहा जणींमध्ये तो घराण्यातल्या जनुकातून येतो. दुःखाने गाठ होते याला पुरावा नाही, मार लागल्यानेही होत नाही. बहुतेक बायकांच्या बाबतीत एक कारण बोट ठेवून दाखवताच येत नाही, आणि हे ऐकून आईला पहिल्यांदा बरं वाटेल बघ. जनुकाचं तू तुझ्यासाठी आणि बहीण असेल तर तिच्यासाठी डॉक्टरांना विचारून घे.

काकूचं ताट. कॅन्सर ताटातून, पेल्यातून, मिठीतून लागत नाही. काही कॅन्सरच्या मागे विषाणू असतात, गर्भाशयमुखाच्या मागे एचपीव्ही, यकृताच्या मागे हेपटायटिस बी. ते पसरू शकतात, तेही जेवणातून नाही, आणि दोघांवरही लस आहे. केमो सुरू झाली तर डोस दिल्यावर साधारण ४८ तास आईची उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घालायचे, कारण औषध बाहेर पडत असतं. ताट-पेल्याला नेहमीसारखा साबण पुरे. काकूशी वाद घालू नकोस. आज रात्री आईच्या पेल्यातलं पाणी तू पी, काकूसमोर.

आणि मामा. पुडी त्यांनी प्रेमाने आणली. बहीण दुखण्यात आहे आणि आपण काहीच करू शकत नाही, हे त्यांना सहन होत नाही. त्यांना हातात काम हवं आहे. "मामा, पुडी बंद" असं सांगण्याआधी म्हण, "मामा, ओपीडीला तुम्ही चला, मला एकटीला डॉक्टरांचं सगळं कळत नाही." त्यांना खुर्चीवर डॉक्टरांच्या समोर बसव. पुडीबद्दल त्यांनाच विचारू दे. पंचेचाळीस दिवस थांबलं तर काय होईल, हेही त्यांनीच विचारावं. उत्तर तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिथे ऐकलं तर त्यांचा मान राहील. सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड, फाइल, रिपोर्ट यांची पिशवी त्यांच्याकडे दे.

पण तिथे गेल्यावर आणखी एक काम कर, आणि हे आईच्या तारखेइतकंच महत्त्वाचं आहे. तिखट झोंबतं, धड जेवत नाहीत, पान-तंबाखू सुटत नाही, हे तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलीस. घरातले सगळे आईच्या गाठीचं कारण मासळीत आणि मोबाइलमध्ये शोधताहेत. ज्याच्याबद्दल जगात कुणाला शंका उरलेली नाही ते मामांच्या गालात दिवसभर असतं. तंबाखू तर आहेच, नुसती सुपारीही कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ठरवलेलं आहे. सुपारीने गालाची कातडी आतून ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, मग तोंड उघडेनासं होतं. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

आज जेवण झाल्यावर मामांना चूळ भरायला सांग आणि उजेडात बसव. त्यांच्याच हाताची तीन बोटं, एकावर एक उभी धरून, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का बघ. मग गालाच्या आत आणि जिभेखाली बघ: पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेला फोड. बोटं गेली नाहीत किंवा चट्टा दिसला तर आईच्या ओपीडीच्याच दिवशी त्यांनाही दाखव. त्यांनी आईला वाचवायला घाट ओलांडला, तेव्हा तुझ्यासाठी ते तोंड उघडतील.